कारणाचा रकाना

दाक्षायणीबाईंनी ती पुस्तिका शाळेच्या ऑफिसात उभ्याउभ्याच वाचली. पुण्याहून गठ्ठा आला होता आणि शिपाई तिप्पण्णाने सुतळी कापून वरची प्रत मोठ्या कौतुकाने त्यांच्या हातात दिली होती. शिक्षकांच्या कृतिसंशोधन स्पर्धेत पहिला क्रमांक, विषय 'घरी मराठी न बोलणाऱ्या मुलांचे मराठी', आणि खाली एकच नाव: कुंडलिक धोंडीराम माने, मुख्याध्यापक. शेवटच्या पानावर 'शाळेतील शिक्षिकांचे सहकार्य लाभले' एवढी एक ओळ होती. कुठल्या शिक्षिका, हे सांगायला छापखान्यात खिळे कमी पडले असावेत.

शुक्रवार पेठेतल्या त्या शाळेत चौथी ब म्हणजे मठ्ठांचा वर्ग, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं होतं. त्रेचाळीस मुलं. निम्मी माग चालवणाऱ्या विणकरांची, घरी तेलुगू बोलणारी, बाकी कानडी आणि थोडी दखनी. मराठीचं पुस्तक उघडलं की वर्ग मुका व्हायचा. दाक्षायणीबाई स्वतः कानडी घरातल्या. वडील गुरुसिद्धप्पा कलशेट्टी कापडाचे व्यापारी, गिऱ्हाईक बघून भाषा बदलणारे. जोडीच्या शिक्षिका रंभाबाई माळशिरसकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. ट्रेनिंग कॉलेजात त्यांच्या 'हाय-न्हाय'ला पोरी खदाखदा हसल्या होत्या, ते त्या विसरल्या नव्हत्या. पोरांचं तोंड का मिटतं हे त्या दोघींना कुणी सांगावं लागलं नाही. ते उघडायचं कसं, हे शोधण्यात मात्र, हा वर्ग दुसरीत होता तेव्हापासून, दोन वर्षं गेली.

एकीने शिकवायचं, दुसरीने शेवटच्या बाकावर वही घेऊन बसायचं. वहीला तीन रकाने: काय घडलं, कारण काय, पुढं काय करायचं. पहिल्यात फक्त डोळ्यांना दिसलं ते लिहायचं आणि तास संपल्यावर शिकवणारीसमोर मोठ्याने वाचायचं. तिने उलट बोलायचं नाही. कारण काय ते दोघींनी मिळून ठरवायचं, आणि त्यात रंभाबाईंची एक अट होती. 'पोरगं मठ्ठ हाय, असं कारण लिवायचं न्हाय.' एकदा रंभाबाईंनी वाचलं की बाईंनी तासात एकवीस प्रश्न विचारले आणि एकवीसही पुढच्या दोन ओळींतल्या मुलांना. दाक्षायणीबाई आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी येऊन म्हणाल्या, खरं आहे तुमचं.

त्या भांडणातून खडूचा तास निघाला. सोमवारी पहिल्या तासाला बाईंनी एका मुलाच्या हातात खडू द्यायचा आणि आपण खाली फरशीवर बसायचं. मुलाने फळ्यावर घरातली एखादी वस्तू काढायची, घरच्या भाषेत तिचं नाव सांगायचं आणि बाईंनी ते म्हणून दाखवायचं. चुकलं की वर्गाने ओरडायचं, 'तप्पु'. चूक या अर्थाचा हा शब्द कानडीत चालतो नि तेलुगूतही, आणि दखनी पोरांनी तो दोन दिवसांत उचलला होता. बाईंना नीट म्हणता येईपर्यंत खडू परत मिळायचा नाही. मग मराठी शब्दाची पाळी. बाई फरशीवर बसून चुकतात हे एकदा पाहिलं की पोरांना चुकायची धास्ती राहत नाही. सगळं संशोधन म्हणजे एवढंच होतं.

तिसरीत वर्गात आलेली नरसम्मा नावाची मुलगी जूनपासून दिवाळीपर्यंत एक अक्षर बोलली नव्हती. तिने एका सोमवारी फळ्यावर बापाचा माग काढला आणि म्हणाली, 'मग्गम'. दाक्षायणीबाई तीनदा चुकल्या. चौथ्यांदा जमलं तेव्हा ती हसली, आणि मराठीत, अडखळत का होईना, माग कसा चालतो ते तिने सबंध सांगितलं. वहीत ते लिहिताना रंभाबाईंची शाई फिसकटली, ते पान तसंच ठेवलं होतं.

दोघींनी स्पर्धेसाठी अहवाल लिहिला. तो मुख्याध्यापकांच्या शिफारशीनेच पुण्याला जायचा, म्हणून बाईंनी तो माने सरांकडे दिला. सरांनी तो टंकून घेतला आणि दोन नावांच्या जागी आपलं एक घातलं. बाईंनी विचारलं तेव्हा ते चहा ओतत म्हणाले, नाव शाळेचं झालं, म्हणजे तुमचंच की. तक्रार करायची तर अर्जही त्यांच्याच मार्फत जायचा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, ते हेच.

बाई घरी जाऊन ढसाढसा रडल्या. मग पुन्हा पुस्तिका उघडली, पान न् पान ताडून पाहिलं, आणि रडणं थांबलं. खडूच्या तासाचं पानच त्यात नव्हतं. शिक्षकाने फरशीवर बसावं आणि दहा वर्षांच्या पोरांनी त्याला चूक म्हणावं, हे सरांच्या अब्रूला मानवलं नव्हतं. दागिना चोरला आणि तो गळ्यात अडकवायचा फासा कचऱ्यात टाकला. आता हा मनुष्य चारचौघांत तो गळ्यात घालायला जाईल तेव्हा आपण समोर बसलेलं असायचं, एवढंच बाईंनी ठरवलं.

ती वेळ फेब्रुवारीत आली. साल पंच्याहत्तर. शिक्षणखात्याचे पुण्याचे साहेब ही पद्धत वर्गात चालताना पाहायला येणार होते. पसंत पडली तर शहरभर लागू होणार आणि माने सर तिच्या प्रशिक्षणाचे प्रमुख होणार. दिवस ठरला सोमवार, पहिला तास. सोमवारचा पहिला तास खडूचा, हे सरांच्या ध्यानातही नव्हतं.

शनिवारी त्यांनी दोघींना बोलावलं. आवाज मऊ होता. मुलांची काही तयारी करून घ्यावी लागेल का, असं विचारलं.

"काही नको, सर," बाई म्हणाल्या. "तुमच्या पुस्तिकेत आहे की सगळं."

हे ऐकून रंभाबाईंचा चेहरा उतरला. माने सरांचा राग त्यांनाही होता, नाव त्यांचंही गेलं होतं. पण शाळा सुटल्यावर त्यांनी बाईंना पायरीवर अडवलं.

"त्याला सांगा बाई. त्याची फजिती झाली तर मला बी गोड लागंल. पण मधी पोरं हायत. त्याचा हात लई चालतो, तुमाला ठावं हाय."

"साहेबांसमोर नाही चालायचा."

"आन् चालला तर?"

बाई पायरी उतरून चालू लागल्या. खरं सांगायचं तर तो विचार त्यांच्या मनात येऊन गेला होता. चालला तर बरंच, असाही आला होता. दोन वर्षांचं उट्टं काढायचं म्हणजे पुरतं काढायचं.

सोमवारी माने सर कडक इस्त्रीचा कोट घालून आले. साहेब खिडकीशी बसले, दाक्षायणीबाई वही घेऊन शेवटच्या बाकावर. सरांनी पुस्तिकेतली प्रस्तावना तोंडपाठ म्हटली आणि फळ्याकडे वळले. पोरं वाट पाहत होती. खडू काही येईना, तेव्हा नरसम्मा आपणहून उठली, टेबलावरचा खडू घेतला आणि फळ्यावर माग काढायला लागली. गेल्या खेपेपेक्षा यंदाचा माग छान आला होता. तिने सरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "मग्गम."

सर म्हणाले, जागेवर बस. वर्ग एका सुरात म्हणाला, "तप्पु." मुलांच्या लेखी हा खेळच होता. सर हसल्यासारखं करून पुन्हा म्हणाले, बस म्हणतो ना. पुन्हा सगळे, आणखी खुशीत, "तप्पु." नरसम्माने त्यांच्या कोटाची बाही धरली आणि फरशीकडे बोट दाखवलं. तुम्ही खाली बसायचं, एवढंच तिला सांगायचं होतं. सरांचे कान लाल झाले. त्यांनी खाडकन तिच्या मुस्काटात मारली. खडू पडला आणि त्याचे तीन तुकडे झाले.

बाईंनी तेही लिहिलं. तुकडे तीन.

तास तिथेच संपला. साहेबांनी विचारलं, या पद्धतीत निरीक्षणाची वही वाचतात ना? बाई उभ्या राहिल्या. त्यांनी ओळ न् ओळ वाचली, आवाज चढवला नाही, एक विशेषण घातलं नाही. मुलीने काय केलं, वर्ग किती वेळा काय म्हणाला, सरांनी कोणत्या हाताने मारलं. आणि नियम असा की शिकवणाऱ्याने उलट बोलायचं नाही. माने सर दोनदा तोंड उघडायला गेले आणि दोन्ही वेळा साहेबांनी हात वर केला. मग बाईंनी पिशवीतून शाई फिसकटलेलं ते पान आणि दोन वर्षांच्या वह्या काढून साहेबांपुढे ठेवल्या. त्या दिवसाइतका गोड घास बाईंनी जन्मात खाल्ला नव्हता, आणि तो त्यांनी अगदी सावकाश चावला.

पंधरा दिवसांत हुकूम आला. बक्षीस मागे घेतलं, पुस्तिका दोन नावांनी नव्याने छापायची ठरली, माने सरांची बदली झाली. निरोपाला कुणी हार आणला नाही. बाई मुद्दाम दारात उभ्या राहून त्यांची ट्रंक टांग्यात चढताना बघत होत्या.

त्यानंतरच्या सोमवारी खडूचा तास पुन्हा सुरू केला. बाई शिकवायला, रंभाबाई मागे. बाई फरशीवर बसल्या आणि खडू नरसम्मापुढे धरला. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. दुसऱ्याला दिला, त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं. शेवटी एकाने फळ्यावर भाकरी काढली. बाई मुद्दाम चुकल्या. वर्गात कुणी तप्पु म्हणालं नाही. पुन्हा चुकल्या. त्रेचाळीस पोरं त्यांच्या हाताकडे पाहत होती.

तास संपल्यावर रंभाबाईंनी वाचलं. "नरसम्माकडं खडू नेला. तिनं हात मागं घेतलं. बाई दोनदा चुकल्या. कुणी बोललं न्हाय." एवढं वाचून त्यांनी वही बाईंपुढे सरकवली. मधला रकाना कोरा होता.

"माने सर," बाई म्हणाल्या.

"त्यो त्या दिवशी तिथं का आला, कसा आला, ते तुमाला ठावं हाय. मला बी. मी बी गप बसले." रंभाबाईंनी पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं. "मिळून ठरवायचं म्हणून थांबले."

बाईंनी उलट बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या नावासाठी एवढं केलं, ते त्यांनी कारणाच्या रकान्यात लिहिलं. दाक्षायणी गुरुसिद्धप्पा कलशेट्टी. रंभाबाईंनी पेन घेतलं आणि त्याच्याखाली आपलंही लिहिलं. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं, हे त्या दिवशी दोघींनाही सुचलं नाही.