भैरवीची सही

शालिकराम गभणे आणि श्रीधर ठवकर यांनी कळमन्याच्या बाजारात एकोणीस वर्षं संत्र्यांची अडत चालवली. भागीदारीचा कागद होता, पण तो नोंदवून घ्यायची गरज दोघांनाही कधी वाटली नाही. कशाला वाटेल? शालिकरामनं आपली सख्खी भाची, भैरवी, श्रीधरच्या सौरवला दिली होती. सोयरिकीपेक्षा पक्का कागद कोणता?

अडत मोडली तेव्हा शालिकरामच्या वाट्याचे नऊ लाख श्रीधरकडे निघाले. "संत्र्याचा बार येऊ दे, देतो," म्हणत श्रीधरनं दीड वर्ष काढलं आणि एक दिवस स्वतःहून चेक आणून दिला. शालिकरामनं तो डोळे मिटून बँकेत टाकला. आठ दिवसांत परत आला. खात्यात चार हजारच होते.

वकील उत्तरा घाटेंनी चेक उलटसुलट पाहिला.

"फर्म नोंदलेली नसली तरी मोडलेली आहे, म्हणून हिशेबाचा दावा लावता येईल. पण आठ-दहा वर्षं धरून चला. चेकचा मार्ग जवळचा. चेक परत आल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस धाडायची. पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर फौजदारी तक्रार." मग त्यांनी विचारलं, "ही सही कोणाची?"

शालिकरामनं चष्मा लावला. इतके दिवस त्यानं फक्त आकडा पाहिला होता. सही भैरवीची होती. खातंही तिचंच.

"मग नोटीस तिलाच जाईल," वकीलबाई म्हणाल्या. "या चेकमध्ये श्रीधरराव कुठेच नाहीत."

तो तडक श्रीधरच्या घरी गेला. श्रीधर दारातच भेटला.

"कर ना केस, शालिक. कोण अडवून राहिलं तुले? पोरगी तुहीच हाय."

"लाज नाही वाटत गा तुले? सुनेले पुढं करतं?"

"लाज काहून? घरचा व्यवहार हाय. सही कर म्हटलं, तिनं केली."

शालिकराम तीन आठवडे तळमळला. घरच्या कर्जाचे हप्ते थकले होते, बँकेची माणसं दारात येऊन गेली होती. त्याची बायको भीमाबाई म्हणाली, "धाडा नोटीस. सून कोर्टात उभी राहीन म्हटल्यावर सासरा आपोआप पैसे काढते का नाही, पाहा." शालिकरामलाही तेच पटवून घ्यायचं होतं. अठ्ठाविसाव्या दिवशी नोटीस गेली.

नोटीस गेल्यापासून अकराव्या दिवशी भैरवी आली. जिल्हा परिषदेत क्लार्क होती, तशीच ऑफिसातून आली होती. तिनं पर्समधून नऊ लाखांचा डिमांड ड्राफ्ट काढून समोर ठेवला.

"काढले ना सासऱ्यानं?" शालिकरामचा जीव भांड्यात पडला.

"मी काढले. आमच्या पतसंस्थेतून कर्ज. सात वर्षं हप्ता पगारातून कटन. कोर्टात केस गेली असती तर नोकरीवर आलं असतं, मामा."

"मले एक शब्द सांगायचा होता वं."

"तुम्ही इचारलं कुठं? नोटीसच आली."

ड्राफ्ट तिच्याकडे सरकवून 'घेऊन जा' म्हणावं असं त्याला वाटलं. खरंच वाटलं. भीमाबाई दारात उभी राहून ड्राफ्टकडे पाहत होती. भैरवीनं पावती टाइप करूनच आणली होती: पूर्ण रक्कम मिळाली, कसलीही तक्रार उरली नाही. शालिकरामनं सही केली. तिनं ती नीट वाचून पाहिली, घडी घातली आणि पाण्याचा घोटही न घेता निघाली.

चार दिवसांनी श्रीधरचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मोकळा.

"भेटले ना पैसे? आता मनात ठेवू नको गा. रविवारी जेवाले ये."

शालिकरामच्या तोंडात शिवी आली होती. पण त्यानं विचारलं, "भैरवी कशी हाय?"

"मजेत. ऑफिसातून आली की पोरांच्या शिकवण्या घेऊन राहिली आजकाल. कामाची हाय पोरगी. तू चांगली निवडून देली."

शालिकरामनं फोन ठेवला. पासबुक पिशवीत टाकलं आणि थकलेले हप्ते भरायला बँकेत जाऊन रांगेत उभा राहिला.