माळकऱ्यांच्या घरचं कासव

मित्रांनो, मी देवळाली प्रवरातलं एक म्हातारं कासव आहे. चालायला मंद असलो तरी हट्टाला पक्का आहे, म्हणून तर आज तुमच्याशी बोलतो आहे.

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. विहिरीचा गाळ काढताना मी गावातल्या आबासाहेबांना सापडलो. साक्षात कूर्मावतार घरी आला म्हणून त्यांनी मला देवघरात, पितळी घंगाळात ठेवलं. रोज पाठीवर तेल-शेंदूर. लोक पाया पडत आणि मी फुगून जाई. पण घर पडलं माळकरी, म्हणून मलाही रोज दूधभात! अहो, मी किडे-मासे खाणारा जीव. माझ्या गळ्यात तुळशीची माळ घालायची तेवढी बाकी होती.

हळूहळू माझे डोळे चिकटले, पाठ मऊ पडली. तरी मरायचं नाही, हे मी मनाशी घट्ट धरलं होतं.

एकदा शेंदूर लावताना सूनबाईंचं, मालनबाईंचं, बोट माझ्या पाठीत रुतलं. त्या चरकल्या.

"मामंजी, ह्ये मरतंय. याला ऊन आन् मासळी पायजे."

"देव हाय त्यो," आबासाहेब म्हणाले. "या घरात मासळी आली, तर मी अन्न सोडीन."

मालनबाई वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी शेंदूर धुतला, डोळे ओल्या फडक्यानं पुसले आणि मला विहिरीजवळच्या हौदावर उन्हात नेलं. शेजारच्या फिलोमिनाबाईंनी पाटाच्या पाण्यातले बारके मासे दिले. मालनबाईंनी जन्मात मासा शिवला नव्हता. नाकाला पदर लावून त्यांनी एकेक मासा माझ्या तोंडाशी धरला. त्या माउलीचे उपकार मी कसे विसरू?

आबासाहेबांना कळलंच. "माळकऱ्याचं घर बाटवलंस," ते कडाडले.

"मामंजी, माळ तुमी घातली, म्या घातली. त्यानं न्हाई घातली."

आबासाहेब त्या दिवशी खरंच जेवले नाहीत. सुनेशी बोलणंही सोडलं. मालनबाई मात्र माझ्याकडे येत राहिल्या. पाठ टणक व्हायला कित्येक महिने लागले. आमच्या अंगात काहीच घाईनं होत नाही.

मग एके सकाळी आबासाहेब हौदाशी आले. त्यांनी अंगठ्यानं माझी पाठ दाबून पाहिली, पुन्हा दाबली. मग घराकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाई, आज याचं मासं आणलं का न्हाई?"

मित्रांनो, आमचं आयुष्य लांब, म्हणून आमचे हालही लांबतात. कासव पाळायचं असेल, तर ते काय खातं हे आधी विचारा. तुम्ही काय खाता, ते नंतर पाहू.