आप्पांच्या छातीतली टिकटिक

बाळांनो, जरा कल्पना करा. तुम्ही वडिलांच्या छातीवर कान ठेवला आहे. धडधड ऐकू येते ना? सोलापूरच्या नीलव्वाला मात्र घड्याळासारखी टिकटिक ऐकू यायची.

तिच्या आप्पांच्या, म्हणजे शिवयोगींच्या, हृदयातली एक झडप निकामी झाली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या जागी कृत्रिम झडप बसवली. पिंजऱ्यात चेंडू ठेवावा तशी. अशा परक्या वस्तूवर रक्ताची गुठळी धरू शकते, आणि ती सुटून मेंदूत अडकली तर माणूस लुळा पडतो. म्हणून आप्पा रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायचे. पालेभाजी फार झाली की त्या गोळीचा जोर ओसरतो, असंही डॉक्टरांनी बजावलं होतं.

वीज जाऊन गल्लीतले यंत्रमाग थांबले की नीलव्वा कान लावायची.

"काय म्हणतंय?" आप्पा विचारायचे.

"नीला, नीला म्हणतंय."

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, येळवशीच्या सणाला, ते वळसंगला कमलम्मा आत्याच्या शेतात गेले. पूजा झाल्यावर आत्याने भज्जी वाढली. मेथी, चाकवत, कोवळे हरभरे, सगळं एकत्र शिजवून घोटलेलं. येळवशीला शेतात वाढलेलं कुणी नाकारत नाही.

"लई वाळलास की रे शिवू," आत्या म्हणाली. "रक्त पातळ करायची गोळी असती व्हय कुटं? तुज्या अंगात रक्त हाय कुटं पातळ व्हायला?"

सगळे हसले. नीलव्वाने आप्पांची बाही ओढली. "डॉक्टर नको म्हणाले की."

"अक्काचं मन कसं मोडू? आजच्या दिवस," आप्पा पुटपुटले.

पण आत्याने त्यांना आठवडाभर ठेवूनच घेतलं, आणि रोज दोन्ही वेळा पाला खाऊ घातला.

सोलापूरला परतल्यावर एका सकाळी आप्पांच्या हातातून पेला निसटला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. दवाखान्यात खाण्यापिण्याची चौकशी करून डॉक्टर हळूच म्हणाले, "पाल्यानं गोळीचा जोर गेला."

"आत्याला सांगायचं नाही," बाहेर आल्यावर आई म्हणाली. "तिला सोसणार नाही."

आप्पा घरी आले. माग थांबले तेव्हा नीलव्वाने कान लावला. टिकटिक तशीच चालू होती. आप्पांचे ओठ हलले, शब्द उमटला नाही.

तेवढ्यात आत्या डबा घेऊन आली. "शिवू, भज्जी आणलीय बघ. रक्त भरंल जरा." तिने घास कालवला. आई जमिनीकडे बघत राहिली.

नीलव्वा उठली. "आत्या, मला दे की. लई भूक लागलीय." तिने डबा घेतला, आणि आप्पांच्या उशाशी बसून तळ दिसेपर्यंत सगळी भज्जी एकटीने खाल्ली.