राहून गेलेली पट्टी

शेवटचा टाका कातरून डॉक्टरीणबाईंनी चिमटा ताटलीत टाकला.

"मनगटात नसेवर आडवी असते ती पट्टी पहिल्या ऑपरेशनला पूर्ण कापलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "अर्धी तशीच होती. दोन वर्षं नस तिच्याखाली चेंगरत राहिली. तुमचं दुखणं खोटं नव्हतं."

"आता वस्तरा धरता येईल?" त्याने विचारलं.

"मुंग्या जातील, बोटांना कळायला लागेल. पण अंगठ्याखालचा मांसाचा गोळा पार वाळलाय. पकड मात्र..." राहून गेलेल्या पट्टीसकट पुढचं सगळं त्यांनी कागदावर लिहिलं आणि त्याच्याकडे न बघता घडी घालून दिला.

त्याचं आणि थोरल्या भावाचं मिळून सलून होतं. ऑपरेशन होऊनही बोटं बधिरच राहिली, तेव्हा थोरला गिऱ्हाइकांदेखत म्हणायचा, "नाचता येईना, अंगण वाकडं." एकदा वस्तरा निसटून एका म्हाताऱ्याच्या कानाची पाळी कापली गेली. त्या दिवसापासून धाकट्याच्या हाती झाडू आला. हळूहळू बायकोही विचारू लागली, "खरंच इतकं दुखतं का हो?" मग त्याने दुखण्याबद्दल बोलणंच सोडलं.

आज मात्र वाटभर तो एकच वाक्य घोळवत होता. आता बोल, दादा.

थोरला एकाची दाढी करत होता. हाताचा फेस पुसून त्याने धाकट्याने पुढे केलेला कागद वाचला. पुन्हा वाचला. त्याच्या कानशिलांवर लाली चढली. धाकटा वाट बघत उभा राहिला.

थोरल्याने कागद आरशाच्या फळीवर ठेवला आणि वस्तरा उचलून गिऱ्हाइकाला म्हणाला, "बघा! मी पहिल्यापासून कानीकपाळी ओरडत होतो, त्या डॉक्टरनं घोळ घातलाय म्हणून. पण आमचं ऐकतो कोण?"

"तुम्ही मागे लागलात म्हणून बरं," गिऱ्हाईक फेसातून म्हणालं.

आरशात भावांची नजरानजर झाली. गळ्यापाशी टेकलेलं पातं किंचित थरथरत होतं. धाकट्याने आधी त्या पात्याकडे पाहिलं, मग डोळे मिटून निवांत पडलेल्या माणसाकडे. तोंडाशी आलेलं वाक्य त्याने गिळलं.

"हो," तो म्हणाला. "दादाच मागे लागला होता."

पातं पुन्हा चालू लागलं.

"दमला असशील," थोरला म्हणाला. इतक्या मऊ आवाजात तो दोन वर्षांत बोलला नव्हता. "बस की. चहा मागवतो."

बसायला एकच खुर्ची रिकामी होती, आरशासमोरची दुसरी, पूर्वी धाकटा जिच्यामागे उभा राहून दाढ्या करायचा ती.

तो उभाच राहिला.