मल्हार तालमीच्या शिक्क्याची कैफियत

मी शिक्का बोलतोय. अणदूरच्या मल्हार तालीम मंडळाचा. सागवानी मूठ, रबराचं तोंड. दाबलं की उमटायचं, एवढंच माझं काम. बडबड मला आवडत नाही. पण आज गप्प बसलो तर तालीम उठेल.

माझा जन्म तुळजापुरातल्या एका अरुंद दुकानात झाला. न्यायला मंडळाचे अध्यक्ष व्यंकटराव स्वतः आले. शाळा त्यांना फारशी लाभली नाही. सही करताना हात अवघडायचा. मी आलो आणि तो अवघडलेपणा गेला. "आता आपला शब्द म्हंजी हा शिक्का," ते म्हणाले.

पुढं वर्गणी काढून तालमीत कुस्तीची मॅट आणली. गावच्या पोरी त्यावर लढू लागल्या, त्यात व्यंकटरावांची नात सृष्टीही. खर्च वाढला. तेव्हा बियाण्यांच्या एका कंपनीनं तालमीची भिंत जाहिरातीसाठी महिन्याच्या भाड्यानं घेतली. तिला जीएसटीचं बिल हवं होतं, म्हणून मंडळानं नंबर काढला.

दसऱ्याला तालमीत गदेची पूजा होते. त्या वर्षी गदेशेजारी मलाही मांडलं, हळदकुंकू वाहिलं. आणि शुभ दिवस म्हणून व्यंकटरावांनी पुढच्या अख्ख्या वर्षाची बिलं एकाच बैठकीत माझ्याखाली घातली. कंपनीला देऊनही टाकली.

"पैसा येईल तसा कर भरू," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

संक्रांतीनंतर कंपनीनं करार मोडला. भिंतीवर चुना फिरला. भाडं बंद झालं. मग नोटीस आली, साऱ्या वर्षाच्या कराची, व्याजासकट.

हिशेब बघणाऱ्या चारुशीलाताई तुळजापूरहून आल्या.

"पैसाच आला न्हाय, तर कर कशाचा?" व्यंकटराव कडाडले.

"काका, बिल आणि पैसे, यातलं जे आधी होईल तेव्हा कर लागतो. तुम्ही दसऱ्यालाच सगळी बिलं देऊन बसलात."

"पूजा करून दिली!"

"पूजेची सूट नाही हो त्यात." ताईंनी एक कागद पुढं केला. "जाहिरात पुसल्यानंतरच्या महिन्यांची बिलं कमी करता येतात. ही क्रेडिट नोट. सही करा, शिक्का मारा. उरलेला कर वर्गणीतून भागेल. पण कायद्याची मुदत आहे, नोव्हेंबर संपला की मग माझ्याही हातात काही नाही."

"म्हंजी मारलेला शिक्का माघारी घ्यायचा?" व्यंकटराव उठले. "ते माझ्यानं व्हायचं न्हाय, ताई. मॅट विकतो, कर भरतो."

त्यांनी मला सदऱ्याच्या खिशात टाकलं. तेव्हापासून मी तिथंच आहे. वरून ताठ माणूस, पण आतली धडधड मला ऐकू येते.

आज नोव्हेंबरचा शेवटचा दिवस. मुरुम गावचं गिऱ्हाईक मॅट न्यायला टेम्पो घेऊन दारात उभं आहे. मॅटचे तुकडे सुटताहेत. मधल्या तुकड्यावर सृष्टी बसलीय.

"ऊठ, पोरी."

"जिल्ह्याची निवड तोंडावर आलीय, आजोबा. मी काय फरशीवर लढू?"

"ऊठ म्हणतो ना!"

"तुमचा शिक्का ऱ्हायला पायजे, मॅट गेली तरी चालंल. व्हय ना?"

 व्यंकटरावांचा हात खिशावर आला. आत नाही, नुसता वर.

व्यंकटराव, ऐका. मी तुमचा शब्द ना? मग ती पांढरी भिंत बघा. तिथं जाहिरात नाही, आणि त्या महिन्यांच्या बिलांवर मी अजून उमटलेला आहे. माझी इज्जत माघार घेतल्यानं जाणार नाही. ती त्या खोट्या बिलांवर बसून जातेय.

ताईंचा कागद गदेखाली तसाच पडलाय. तिकडं तुळजापुरात ताई कॉम्प्युटरपुढं वाट बघताहेत. मला बाहेर काढा. शाई वाळली असेल तर तोंडाची वाफ द्या, तेवढ्या ओलीवर मी उमटेन. एकदाच दाबा. मग हवं तर चुलीत घाला.

टेम्पोचं फाळकं खाली आदळलं. हात अजून खिशावरच आहे.