पान एकेचाळीस

मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे, मित्रांनो. रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारे वाफेने निर्जंतुक करणारे एक मोठे यंत्र असते. त्याच्या खोक्यात बसून मी आले. एकशे बारा पाने, सगळी इंग्रजीत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून माझा तोरा काही औरच होता.

खरे सांगायचे तर इंग्रजी माझ्या घरची भाषा नव्हे. मला लिहिणारे दोन इंजिनिअर दोन वेगळ्या देशांतले. एकमेकांची बोली त्यांना ओ की ठो कळत नव्हती, म्हणून ते इंग्रजीत बोलायचे. एकेक वाक्य त्यांनी शब्दकोश उघडून, खाडाखोड करत लिहिले. यंत्र जगभर जाणार होते, आणि इतक्या ठिकाणी चालेल अशी तीच एक भाषा त्यांना दिसली. ही गोष्ट मी सोयीस्करपणे विसरले.

कारण इथल्या रुग्णालयात माझे भलतेच कौतुक झाले. भांडारप्रमुखांनी मला प्लास्टिकचे वेष्टन घातले आणि कपाटात कुलूपबंद केले. "इंग्रजी पुस्तक आहे, कुणी हात लावायचा नाही," असा त्यांचा हुकूम. तपासणीला कोणी आले की मला टेबलावर मांडायचे, पाहुणे गेले की पुन्हा आत. नऊ वर्षांत माझे एकही पान कुणी उलटले नाही, आणि मी वेडी त्यालाच मान समजत होते.

यंत्र चालवायची मावशी. नुसत्या आवाजावरून तिला त्याची तब्येत कळायची. पण दाराचे रबर दरवर्षी बदलायचे, हे माझ्या एकेचाळिसाव्या पानावर होते आणि मी कपाटात. एके सकाळी ते जुने रबर फाटले. वाफेचा झोत आला नि मावशीचा हात कोपरापर्यंत भाजला.

पाठोपाठ नवा नियम आला. ज्याला पुस्तक वाचता येईल त्यानेच यंत्र चालवायचे. सहा महिन्यांनी परीक्षा. नापास झाली तर मावशीची रवानगी फरशी पुसायला.

मावशी तडक भांडारात आली. "साहेब, ते पुस्तक द्या इकडे."

"अहो मावशी, इंग्रजी आहे ते. तुम्हाला काय झेपणार?"

"हात माझा भाजलाय ना? मग पुस्तकही मीच वाचणार."

पट्टी बांधलेल्या हातानेच तिने माझे प्लास्टिक फाडले. शाळेत कशीबशी शिकलेली अक्षरे, शेजारी फाटका शब्दकोश, आणि वेळ जेवणाच्या सुट्टीतला. पहिल्या पानाला चार दिवस लागले. तिच्या तोंडाला फेस आला, पण बाई हटली नाही. समासात पेन्सिलने मराठी लिहीत ती पुढे सरकत राहिली. एकेचाळिसाव्या पानावर पोचली तेव्हा रबराची ती ओळ तिने बोट ठेवून दोनदा वाचली. "एवढंच होतं होय?" असे म्हणून तिने त्या ओळीखाली रेघ मारली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

परीक्षा घ्यायला यंत्राच्या कंपनीचा माणूस परदेशातून आला. त्याचेही इंग्रजी अडखळतच चालायचे. तो शब्द शोधत विचारी, मावशी शब्द शोधत सांगे. अडले की दोघे माझे पान उलटून बोट ठेवत. तासाभरात त्याने तिला पास केले आणि तिने पेन्सिलने लिहिलेल्या सगळ्या पानांचे फोटो काढून नेले. भांडारप्रमुख दारातून हे सगळे पाहत होते.

"साहेब, आणखी किती पुस्तकं आहेत कपाटात?" मावशीने विचारले.

"असतील अकरा."

"काढा सगळी."

मित्रांनो, इंग्रजी जगभर फिरलेली भाषा आहे, तिचा उपयोग मोठा आहे. पण म्हणून आम्हा इंग्रजी पुस्तकांना डोक्यावर घेऊन नाचू नका, आणि घाबरून लांबही पळू नका. आम्हाला उघडा, तेलकट हातांनी चाळा, तुमच्या भाषेत आमच्यावर लिहा. माझे कोपरे आता दुमडलेत, पानांवर डाग पडलेत, आणि मी मजेत आहे.

मावशी सध्या एक्स-रे यंत्राचे पुस्तक वाचते आहे. सत्ताविसाव्या पानावर गाडी अडली आहे, पण ती खुर्चीतून उठलेली नाही.