दोन मिलिमीटर खाली

नवा फोन बाजारात येतो त्या दिवशी त्याचं कव्हर दुकानात टांगलेलं असावं लागतं. आठवड्याने आलेल्या कव्हराला ह्वाचियांगबेइच्या फोनबाजारात कोणी हात लावत नाही. म्हणजे जो फोन कोणी पाहिलेलाच नाही, त्याचं कव्हर आधी आखायचं, पोलादात साचा कोरायचा आणि माल बांधून वाट पाहत बसायचं. त्याच शहरातल्या बाओआन भागात असलेल्या आमच्या कारखान्यात हे आखायचं काम न्ये यिलिंग करायची. मी शेजारच्या टेबलावर बसून मालाचे फोटो काढायचे आणि इंटरनेटवरच्या आमच्या विक्रीच्या पानावर चढवायचे.

यिलिंगचा हात फार चांगला. फोन पडतो तो कोपऱ्यावर, म्हणून कोपऱ्यात ती हवेची बारीक पोकळी ठेवायची. कव्हर काढताना बायकांची नखं तुटतात, म्हणून एका बाजूची कड मऊ करायची. "अंगाला बसलं पाहिजे, पण काढताना भांडायला नको," असं म्हणायची. पण मापच हाती नसेल तर ती तरी काय करणार? मागची दोन वर्षं आमचा माल उशिरा निघाला. त्या वसंतात आमचे मालक पंगशेठ मजल्यावर आले आणि साठ बायकांच्या देखत म्हणाले, "यंदा पहिल्या दिवशी माल लागला नाही तर हा मजला बंद. मग माझ्या नावाने बोटं मोडायची नाहीत."

यिलिंगचा धाकटा भाऊ जिंगच्वान एका फोन कंपनीत आराखडे काढायच्या विभागात होता. हेंगयांगजवळच्या गावातून यिलिंग सोळाव्या वर्षी इथे कामाला आली ती त्याच्या शिक्षणासाठी. तो रविवारी तिच्या खोलीवर जेवायला यायचा. बऱ्याचदा मीही असायचे. त्या रविवारी तिने आंबवलेल्या मिरच्या घालून मासा केला होता.

"एक विचारू का रे?" ती म्हणाली.

"ते सोडून काहीही विचार, ताई."

"मी अजून तोंड उघडलं नाही."

"तुझा चेहरा मगापासून विचारतोय. मी सही करून दिलीय. बाहेर बोललो तर नोकरी जाईलच, वर तुरुंग."

"फक्त कॅमेऱ्याचं भोक सांग. बाकीचं मी बाजारातल्या बातम्यांवरून जुळवलंय."

तो खाली बघून माशाचे काटे काढत राहिला.

"साठ जणी घरी बसतील," ती म्हणाली. "ही चुनसुद्धा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली, पण 'नको' म्हटलं नाही.

निघताना दारात वाकून बूट घालता घालता त्याने चार आकडे सांगितले. एकदाच. "पुन्हा कधी विचारू नकोस," म्हणाला आणि जिना उतरला.

आमचे साचे तान वस्ताद कोरायचे. तीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं. यिलिंगचा आराखडा पाहून त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पोरी, हे भोक इतकं खाली का?"

"तसंच आहे, वस्ताद."

"मग आत बॅटरी कुठे कोंबणार ते? शहाणा माणूस असा फोन करत नाही. चार दिवस थांब. आणखी कोणाचं माप बाजारात येईल, ताडून बघू."

"चार दिवस नाहीत आपल्याकडे. माप पक्कं आहे."

"दिलं कोणी?"

तिने आराखडा त्यांच्या यंत्राशेजारी ठेवला. वस्तादांनी खांदे उडवले आणि पोलाद यंत्रावर चढवलं. यिलिंगने मला नंतर सांगितलं, तिलाही ते खटकलं होतं. तिच्या हिशेबाने भोक दोन मिलिमीटर वर हवं होतं. पण भावाने दिलेलं माप खोटं कसं असेल, असं म्हणून तिने तो विचार झटकला.

पहिला नमुना निघाला तसे पंगशेठ माझ्या डोक्यावर येऊन उभे राहिले. इतरांच्या आधी आपलं पान दिसलं पाहिजे म्हणाले. फोटो मी काढला. भोक नीट दिसावं म्हणून दिवा बाजूला सरकवला.

तिसऱ्या दिवशी भरदुपारी जिंगच्वानसोबत राहणाऱ्या मित्राचा यिलिंगला फोन आला. "ताई, जिंगच्वानला पोलीस ऑफिसातून घेऊन गेले. खोलीवरही आले होते. त्याचा कॉम्प्युटर नेला."

झालं काय होतं ते वकिलाने बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तोवर आमचा सगळा माल बांधून झाला होता. दरवर्षी माप फुटतं म्हणून कंपनीने सापळा लावला होता. आराखडा पाहणाऱ्या सातही जणांच्या कागदावर एकेक आकडा मुद्दाम बदलला होता, प्रत्येकाचा वेगळा. दोन मिलिमीटर खाली सरकलेलं भोक फक्त जिंगच्वानच्या कागदावर होतं. कंपनीला फक्त कव्हरांची पानं चाळायची होती. त्यात माझा फोटो सापडला. मागच्या वर्षांत माप फोडणारा कोण, ते कधीच कळलं नाही. यंदा तो गप्प बसला असावा.

यिलिंग स्वतः ठाण्यात गेली. "मी विचारलं म्हणून त्याने सांगितलं," म्हणाली. पण जिंगच्वानने आधीच लिहून दिलं होतं की, जेवताना मीच बढाई मारली, ताईने काही विचारलं नाही, तिथे दुसरं कोणी नव्हतं. तिला सोडून दिलं. मला कोणी बोलावलंच नाही आणि मीही आपणहून गेले नाही.

फोन बाजारात आला. आमचं कव्हर त्याला इतकं सुरेख बसत होतं की बघत राहावं. फक्त कॅमेरा अर्धा झाकला जात होता. सगळा माल चुरा करून पुन्हा वितळवायला गेला आणि मजला बंद झाला. वस्ताद गावी जायला निघाले तेव्हा यिलिंगला म्हणाले, "मी कोरायलाच नको होतं." तिला ते ऐकवेना, ती बाहेर निघून गेली.

मग गावाहून यिलिंगची आई आली. पलंगाच्या कडेला बसून तिने विचारलं, "चोरलं काय त्याने?"

"चोरलं नाही, आई. माप सांगितलं."

"कसलं?"

"भोकाचं."

"केवढं भोक?"

यिलिंगने बोटाच्या चिमटीने दाखवलं. आई बराच वेळ त्या चिमटीकडे बघत राहिली. "आणि हे तुला कशाला हवं होतं?" तिने विचारलं. यिलिंगने हात मांडीवर ठेवला.

अडीच वर्षांची शिक्षा झाली. पहिल्या भेटीला मी तिच्यासोबत गेले होते, पण आत नातेवाइकांनाच सोडतात. मी फाटकापाशी थांबले. बाहेर आल्यावर तिने सांगितलं ते असं. काचेपलीकडे तो बारीक केस कापून बसला होता. फोन उचलल्यावर आधी आईची चौकशी केली. मग विचारलं, "ताई, तू इतकी कव्हरं आखलीस. भोक चुकलंय हे तुला कळलं नाही?"

"खोटं बोलायचं होतं गं," यिलिंग मला म्हणाली. "ऐन वेळी जमलं नाही. कळलं होतं म्हणाले."

"मग?"

"त्याने फोन खाली ठेवला. हळूच ठेवला. वेळ शिल्लक होता, पण उठून गेला."

पुढच्या महिन्यात ती गेली तेव्हा तो भेटीला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. यिलिंग आता दुसऱ्या कारखान्यात कव्हरं आखते, नुसती जुन्या फोनांची. समोर फोन असल्याशिवाय पेन्सिल उचलत नाही. आई तिच्याकडेच राहते. दर महिन्याला यिलिंग दोन बस बदलून तुरुंगापर्यंत जाते, खिडकीवर नाव देते, 'भेट नको म्हणतोय' हे ऐकते आणि परत येते.

आई दारातच विचारते, "कसा आहे?"

"बरा आहे. जरा अंगाने भरलाय."

"काय म्हणाला?"

यिलिंग चपला काढते, हात धुते आणि तो काय काय म्हणाला ते सांगत बसते.